जुनी बस, विंचवाचं बिऱ्हाड आणि आखडता हात

बिऱ्हाडकरू (धागाकर्ता)

मंडळी, बस घेतली. एकदाची. चावी हातात घेऊन घरच्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही लावणार कुठे?" त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, पण बस दारात आहे.

शाळेच्या फेऱ्या मारून निवृत्त झालेली ३५ आसनी डिझेल बस. यातून दोघांचं फिरतं घर करायचंय: झोपायची जागा, ओटा, बसून लिहिता येईल एवढं टेबल आणि संडासाची काहीतरी सोय. हिशोब असा, की बसला जेवढे पैसे गेले तेवढ्यातच आतलं सगळं बसवायचं. ज्यांनी हे केलंय त्यांनी हसून घ्या.

घेताना पाहिलं ते सांगतो, पुढच्याला उपयोग होईल. मालकाला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही." गरम इंजिन कुणाचंही चालू होतं, खरी परीक्षा थंड इंजिनाची. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून पाहिलं: धुराचे भपकारे नाहीत. टायरांची नक्षी झकास होती, पण बाजूवरचे चार आकडे वाचले तर २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. सहाच्या सहा टायर बाद! तेवढे पैसे किमतीतून तोडून घेतले. मग खाली झोपून स्क्रूड्रायव्हरने चासी ठोकत गेलो. टणटण वाजली तिथे पुढे सरकलो, भद्द वाजली तिथे खडूने फुली. फुल्या तीन, तिन्ही मागच्या दाराच्या पायरीखाली. चालण्यासारखं होतं.

पहिलं काम बाकं काढायचं. एक जण आत पाना धरून, दुसरा बसखाली उताणा, तोंडावर गंजाचा भुगा. पहिल्या दिवशी चार बाकं. दुसऱ्या दिवशी डोकं फिरलं आणि ग्राइंडर आणला. दुपारपर्यंत मैदान साफ, पण संध्याकाळी काचा पुसायला गेलो तर आतून बारीक काळे ठिपके, पुरळ उठल्यासारखे. पुसून जाईनात. ठिणग्या काचेत रुतून बसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो: आधी काचांवर जुन्या गोधड्या टाका.

फरशीचा प्लाय उचलला तर खाली काळा चिखल, सात खोडरबर, तुटक्या पट्ट्या आणि एक कर्कटक. कर्कटक अजून चालतंय. पत्रा मात्र दोन ठिकाणी चाळणी झालाय.

आता प्रश्न: सुरुवात कुठून करू? मी इन्सुलेशनचं (उष्णता-थंडी अडवणाऱ्या थराचं) सामान मागवायच्या बेतात आहे.

---

डिझेलभक्त

अभिनंदन आणि थांबा. एक पैसाही आतल्या सजावटीवर घालू नका. आधी ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, कूलंटचे पाइप, इंजिनाचे सगळे पट्टे, टायर. हे झालं की दोन-तीनशे किलोमीटर रिकामी पळवा. जे मोडायचं ते तेव्हाच मोडू दे. आत कपाटं बसवल्यावर गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली, तर त्यावरचं झाकण नेमकं तुमच्या पलंगाखाली सापडेल. कित्येक प्रकल्प मी असेच अडकलेले पाहिलेत. आत राजवाडा आणि गाडी जागची हलत नाही.

शिवाय फरशीत जिथे जिथे तपासणीची झाकणं आहेत, ती इन्सुलेशनखाली गाडू नका. वर फरशीलाही तशीच उचलती फळी ठेवा.

---

भटकभवानी

+१. आमचं तीन वर्षं बसमध्येच बिऱ्हाड होतं, त्यातून एक भर घालते. रिकाम्या बसमध्ये चार रात्री गादी टाकून झोपा. फरशीवर चिकटपट्टीने पलंग, ओटा, संडास आखा आणि त्या रेघांच्या आतच वावरा. कागदावर आमचा ओटा ६० सेंटीमीटर खोल होता. चिकटपट्टी लावल्यावर कळलं, एक जण ओट्याशी उभा राहिला की दुसऱ्याला मागून जाता येत नाही. ५० वर आणला. ही दुरुस्ती पट्टी सोलून झाली, करवत लागली नाही.

आणखी एक. बस उन्हात लावली की कोणती बाजू तापते आणि रात्री कोणत्या खिडकीतून वारा येतो, हे त्या चार रात्रींतच कळतं.

---

कागदोपत्री

रसभंग करतो, माफी असावी. प्रवासी बसचं राहतं वाहन करणं म्हणजे नोंदणीतला बदल. आसनसंख्या, वाहनाचा प्रकार, विमा, सगळंच बदलतं. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून इथे कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. करवत हातात घेण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात जाऊन लेखी विचारा: किती आसनं ठेवता येतील, आसनांना सुरक्षापट्टे कसले हवेत, गॅस चालेल का, आपत्कालीन दार झाकता येईल का. शेवटच्याचं उत्तर मीच देतो: कुठेही झाकू नका. मागचं दार पलंगाने अडवलं आणि ओट्याकडून आग लागली, तर बाहेर कुठून पडणार?

---

बिऱ्हाडकरू

कागदोपत्री, तुमचं नाव सार्थ आहे. जाऊन आलो. दोन आसनं पट्ट्यांसकट ठेवायची, बाकी आराखडा दाखवून मंजुरी घ्यायची. पलंग आडवा करून मागचं दार मोकळं ठेवतोय.

डिझेलभक्त, तुमच्यामुळे दीड महिना आणि टायरांचे पैसे गेले. पण मागच्या एका चाकाचा ब्रेक अजिबात धरत नव्हता, हे त्यातच कळलं. सजावट करून घाटात गेलो असतो तर तुम्हाला धन्यवाद द्यायलाही उरलो नसतो.

गंजाचं काम चालू आहे. तारेच्या ब्रशने खरवडायचं, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावायचं, एक रात्र सोडायचं, मग इपॉक्सी प्रायमर. भोकं पडली होती तिथे नवा पत्रा जोडला. वर फरशी आली की हे काम कुणाला दिसणार नाही, आणि पैशांचा सगळ्यात मोठा लचका इथेच तुटलाय.

---

सुतारपक्षी

लाकूडकामाबद्दल बोलायची वेळ आली का? बोलतोच.

तुम्ही १८ मिलीमीटरचा प्लाय घेणार आहात. कसं कळलं? सगळेच घेतात. आठ बाय चारचा १८ मिलीचा एक तक्ता ३५ किलोच्या आसपास भरतो. पंधरा तक्ते घातले की पाचशे किलो झाले. फरशीला १२ पुरतो, कपाटांच्या बाजूंना ९, आणि कपाटाला चौकट दिली तर दारांना ६ सुद्धा. जाडीने मजबुती येत नाही, सांध्याने येते. घरातलं कपाट एका जागी उभं असतं. तुमचं कपाट रोज भूकंप खाणार आहे. नुसते स्क्रू ढिले होतात, सांध्याला गोंद लावा आणि स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंतचा पाहुणा समजा.

चुंबकाच्या कड्यांवर विसंबू नका. पहिल्या जोरदार ब्रेकला सगळे ड्रॉवर तुमच्या भेटीला येतील. दाबून उघडायची खिट्टी लावा.

---

डिझेलभक्त

वजनाचा विषय निघालाच आहे तर: ३५ माणसं सरासरी ६५ किलोंनी धरली तर सव्वादोन टन होतात, म्हणून लोकांना वाटतं भरपूर वाव आहे. वाव आहेच, पण माणसं गाडीभर सारखी पसरलेली असतात. तुम्ही ३०० लिटरची टाकी, बॅटऱ्या आणि पलंगाखालचं भंडार, सगळं मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे ठेवलंत की गाडीची तराजू होते. मागचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोहल्यासारखं लागतं. लिटरला किलो हा पाण्याचा हिशोब विसरू नका. टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये, खाली, आणि आत आडवे पडदे हवेत. अर्धी भरलेली टाकी वळणावर एका बाजूला धावते, ते चालवणाऱ्याला कळतं.

सगळं झाल्यावर वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं चढवून, मग पूर्ण गाडी. एकूण आकडा नियमात बसला म्हणजे प्रत्येक ॲक्सलचा बसलाच असं नाही.

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. पण लिथियम घ्यायचं की शिशाची बॅटरी, यावर कुणीच कसं बोलत नाही?

---

शून्यव्होल्ट

वाटच बघत होतो.

बॅटरीचा प्रश्न शेवटचा. आधी खाणारी तोंडं मोजा. छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज चालू असताना ५० वॉट खातो, दिवसातून सगळे तुकडे मिळून दहा तास चालतो: ५०० वॉट-तास. २५ वॉटचे दोन पंखे आठ तास: ४००. दिवे १००, फोन आणि लॅपटॉप २००. झाले १२००.

आता १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीत कागदावर १२०० असतात, पण निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हातात ६००. एका दिवसाला दोन बॅटऱ्या, आणि दोघींचं वजन मिळून ५०-६० किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी १२८० देते, त्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात आणि वजन निम्म्याहून कमी. महाग आहे, कबूल. पण "स्वस्तात करायचंय" म्हणून जो शिशाच्या घेतो तो दोन-तीन वर्षांनी परत घेतो. लिथियमला एकच पथ्य: तापमान शून्याखाली असताना चार्ज करायची नाही, कायमची बिघडते. थंड प्रदेशात जाणार असाल तर ती राहत्या भागात ठेवा.

छतावर ४०० वॉटचे पॅनेल, चार तास कडक ऊन: १६००. उष्णता, धूळ, आडवा पॅनेल असा पाव भाग तोटा धरा: १२००. म्हणजे जमा-खर्च जेमतेम जुळला. ढगाळ दिवसासाठी इंजिनावरून चार्जिंग हवंच.

---

बिऱ्हाडकरू

तेच विचारणार होतो. बसच्या बॅटऱ्या दोन आहेत, १२-१२ च्या. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्टची तार काढली तर काम फुकटात होईल ना?

---

शून्यव्होल्ट

नाही! नाही! नाही!

त्या दोन मिळून २४ व्होल्ट आहेत आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारं वीज बनवणारं यंत्र) दोघींना एकत्रच चार्ज करतो. एकीवरून तुम्ही पंखे चालवले की ती कायम अर्धपोटी राहणार, दुसरीला जास्तीचं चार्जिंग बसून ती उकळणार. वर्षभरात दोन्ही भंगारात. २४ वरून १२ करणारा डीसी-डीसी चार्जर घ्या, गाडीची वीज आणि घराची वीज वेगळी ठेवा. रात्री पंखा लावून झोपलात तरी सकाळी इंजिन चालू झालं पाहिजे.

तारेत काटकसर करू नका, हेही इथेच सांगतो. फ्रिज बॅटरीपासून सहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार बारा मीटर. अडीच स्क्वेअर मिलीमीटरच्या तारेतून १० अँपिअर गेले की जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच गळतात. १२ मधून ०.८ म्हणजे सात टक्के. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, तो बंद पडतो, आणि तुम्ही बॅटरीला शिव्या घालता. तीच तार सहा स्क्वेअर मिलीची असेल तर गळती साधारण ०.३५. घरातली एकेरी कडक तार वापरू नका, हादऱ्यांनी तुटते, बारीक पेडांचीच हवी. आणि फ्यूज बॅटरीच्या शेजारी, शक्य तितका जवळ. तार जळू नये म्हणून फ्यूज असतो, पंखा वाचावा म्हणून नाही. तो पंख्याजवळ लावला तर मधली सहा मीटर तार उघड्यावरच.

---

निवांत

गॅसची कटकटच नको, इंडक्शन घ्या. ऊन फुकट आहे.

---

शून्यव्होल्ट

ऊन फुकट, तार नाही. १५०० वॉटचा इंडक्शन १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरमधली घट धरून, १४० अँपिअर ओढतो. त्याला करंगळीएवढी जाड तांब्याची तार आणि तगडी बॅटरी लागते. या बजेटात ते बसत नाही.

---

भटकभवानी

आम्ही तीनही वर्षं गॅसच वापरला, पण धाकात राहून. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचं कपाट आतून हवाबंद आणि तळाला थेट बाहेर उघडणारं भोक, तेही मोटरीपासून आणि ठिणगीपासून लांब. गॅसचा अलार्म पायाशी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो उशीच्या उंचीला. एकावर भागत नाही. आणि शेगडी पेटवून बस गरम करायचा मोह कितीही थंडी असली तरी नको.

शिवाय एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती कुठे जाणार? तुमच्या थंड पत्र्यावर. ओट्याच्या वर छतात पंखा असलेली खिडकी घ्या. बाकी कशातही काटकसर करा.

---

बिऱ्हाडकरू

(पाच महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण कबुली द्यायची आहे.

फरशी झाली. पत्र्यावर २५ मिलीचा कडक फोम, वर १२ चा प्लाय. उंचीतले जवळपास चार सेंटीमीटर गेले, छताला आणखी तीन. टोपी घालून सरळ उभा राहता येत नाही, टोपी काढली तर येतं.

मग ओट्याची चौकट फरशीला पक्की करायला बसलो. हातात ५० चे स्क्रू होते, ३५ चे संपले होते. म्हटलं काय फरक पडतो. तिसरा स्क्रू आत गेला आणि बसखालून फुस्स असा आवाज आला. कुणी चाकातली हवा सोडतंय असं वाटून मी खाली उतरून चारी बाजूंनी फिरून आलो. चाकं ठीक. परत वर येऊन हवेच्या दाबाचा काटा पाहिला तर तो डोळ्यांदेखत खाली येत होता. ब्रेकच्या हवेची नळी. नेमकी. हवा गेली की मागचे स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळतात, त्यामुळे बस जागेवर खिळली, ती चार दिवस. कारागिराने नळीचा तुकडा बदलला, स्क्रू हातात ठेवला आणि म्हणाला, "फ्रेम करून लावा."

आता खालून सगळ्या नळ्या आणि तारांचे फोटो काढलेत, प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरून. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

---

सुतारपक्षी

आणि ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीचा झेंडा लावा. झेंडा लाकडाला टेकला की थांबायचं.

---

डिझेलभक्त

नशीब, उभ्या गाडीत झालं.

---

बिऱ्हाडकरू

बजेटचं विचारलं होतं काही जणांनी खाजगी निरोपात. बाकांचं लोखंड विकून ग्राइंडरच्या चकत्या आणि रंग निघाला. बाकांचा फोम धुऊन, वाळवून टेबलाजवळच्या बैठकीत घातला. दोन बाकांचे सांगाडे उलटे करून पलंगाचे पाय केले, सुतारपक्षी यांना फोटो दाखवणार नाही. संडास म्हणजे झाकणाची बादली, लाकडाचा भुसा आणि लघवी वेगळी जाण्याची सोय. वेगळी गेली की वास येत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. आतलं एकूण काम ठरवलेल्या पैशांच्या दीडपट गेलं. जास्तीच्या अर्ध्यातलं बहुतेक सगळं माझंच केलेलं काढून परत करण्यात गेलं: बारीक तार, सिलिकॉन, ती नळी.

सिलिकॉनवरून आठवलं, मदत हवी आहे. मागच्या डाव्या खिडकीच्या वर, कपाटाच्या कोपऱ्यात थेंब पडतो. बाहेरून तीनदा सिलिकॉन भरलं. थेंब जात नाही.

---

सुतारपक्षी

जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, रंगही धरत नाही. सगळं खरवडून पॉलियुरेथेनचं सीलंट भरा. खिडकीच्या चौकटीखाली ब्युटाइलची पट्टी.

---

भटकभवानी

खरवडण्याआधी एक करा. थेंब कधी पडतो ते तीन-चार दिवस लिहून ठेवा. पाऊस किती वाजता, थेंब किती वाजता, आदल्या रात्री आत कितीजण झोपले, खिडकी उघडी की बंद. आणि त्या कपाटामागे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लोखंडी बरगडीवर इन्सुलेशन आहे का तेही सांगा.

---

बिऱ्हाडकरू

बरगडीवर नाही. दोन बरगड्यांच्या मध्ये फोम भरलाय, बरगडी तशीच उघडी. वर थेट लाकडी पट्टी मारली.

---

भटकभवानी

मग मला अंदाज आहे. पण वही लिहा.

---

बिऱ्हाडकरू

वही लिहिली.

मंगळवार: संध्याकाळभर मुसळधार, बसमध्ये कुणी झोपलं नाही. थेंब नाही.
बुधवार: पाऊस नाही. दोघं झोपलो, खिडक्या बंद, रात्री पाणी उकळलं. पहाटे साडेचारला थेंब.
गुरुवार: पाऊस नाही. दोघं झोपलो, छतातला पंखा मंद चालू, एक खिडकी दोन बोटं उघडी. सकाळी कोपरा दमट, थेंब नाही.

म्हणजे बाहेरून काही येतच नव्हतं. आमचाच श्वास त्या लोखंडी बरगडीवर पाणी होऊन खाली येत होता आणि मी बाहेर शिडी लावून सिलिकॉन भरत होतो. तीनदा.

---

सुतारपक्षी

कपाट उतरवा, बरगडीवर १० मिलीची फोमची पट्टी चिकटवा, मग लाकूड. कपाटाच्या पाठीला खाली-वर दोन बोटांची फट ठेवा, मागे हवा फिरू दे. कपाट स्क्रूवर आहे की गोंदावर?

---

बिऱ्हाडकरू

गोंदावर. तुम्हीच सांगितलं होतंत.